वाड्याचा तळमजला, वकीलपत्र आणि सुवर्णपदक : नाशिकच्या एका वकील घराण्याचे प्रकरण

या लेखनाविषयी

हे प्रकरण नाशिकमधील एका वकील घराण्याचे आणि एका विद्यापीठाचे आहे. दोघांचीही नावे दिलेली नाहीत. ओळख पटेल असे तपशील गाळले किंवा बदलले आहेत आणि कालखंड मुद्दाम मोघम ठेवले आहेत. मी विधी महाविद्यालयात शिकवून निवृत्त झालो. दोन्ही बाजूंच्या लेखी संमतीने या प्रकरणातील कागद तपासण्याचे आणि बैठका घडवून आणण्याचे काम माझ्याकडे आले. त्या कामात माझ्याही हातून एक ठळक चूक झाली. ती लपवून हे प्रकरण लिहिण्यात अर्थ नाही, म्हणून तिचाही वृत्तान्त येथे आहे.

पार्श्वभूमी

महाराष्ट्रात वकिली आणि विद्यापीठ यांचे नाते फार जुने आहे. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले आणि १८९२ मध्ये त्याचे पहिले भारतीय कुलगुरू झाले ते काशीनाथ त्र्यंबक तेलंग, वकिलीतून उच्च न्यायालयाच्या न्यायासनावर गेलेले. चिमणलाल सेटलवाड १९१७ ते १९२९ अशी बारा वर्षे त्याच पदावर होते आणि त्यांचे पुत्र मोतीलाल सेटलवाड पुढे भारताचे पहिले महान्यायवादी झाले. धर्मशास्त्राचा इतिहास लिहिणारे पां. वा. काणे हेही व्यवसायाने वकील आणि मुंबईचे कुलगुरू. पुणे विद्यापीठ १९४९ मध्ये उभे राहिले तेव्हा त्याचे पहिले कुलगुरू बॅ. मुकुंदराव जयकर होते आणि तेथील ग्रंथालय आजही त्यांच्याच नावाने ओळखले जाते. विद्यापीठ हे कायद्याने जन्माला येते आणि परिनियम, अध्यादेश व ठराव यांवर चालते; त्यामुळे ते चालवताना कायदा वाचता येणाऱ्या माणसाची गरज पहिल्या दिवसापासून असते.

नाशिकमध्ये या नात्याला स्थानिक वळण मिळाले. येथे १८४० पासून सार्वजनिक वाचनालय होते आणि १९२४ मध्ये हंप्राठा (हंसराज प्रागजी ठाकरसी) महाविद्यालय सुरू झाले, पण विद्यापीठ मात्र दूर होते: आधी मुंबईला, १९४९ नंतर पुण्याला. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये आणि आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ मध्ये नाशिकला आले, तोवर येथील पदवीधराचा विद्यापीठाशी संबंध परीक्षा, पदवीदान आणि अधिसभेची (सिनेटची) निवडणूक एवढाच राही. मधली पोकळी गावातल्या काही घराण्यांनी भरून काढली. कुणी वसतिगृहासाठी खोल्या दिल्या, कुणी पुस्तके दिली, कुणी पदकासाठी ठेव ठेवली.

ज्या घराण्याविषयी मी लिहीत आहे त्यातील पणजोबा निफाडकडून नाशिकला आले आणि जिल्हा न्यायालयात वकिली करू लागले. आजोबांनी त्या वकिलीचा विस्तार केला आणि स्वतःच्या कमाईतून जुन्या गावठाणात, सराफ बाजारापासून जवळ, एक दुमजली वाडा खरेदी केला. त्या खरेदीखताला पुढे फार महत्त्व आले. आजोबांचा ग्रंथसंग्रह हा त्या काळच्या नाशिकमध्ये चर्चेचा विषय होता: १८७६ पासूनच्या इंडियन लॉ रिपोर्ट्सची मुंबई मालिका, १८९९ पासूनचा बॉम्बे लॉ रिपोर्टर, १९१४ पासूनच्या निकालांचे ऑल इंडिया रिपोर्टर आणि १९५० पासूनचे सुप्रीम कोर्ट रिपोर्ट्स. संगणकावर निकाल शोधण्याची सोय नव्हती तेव्हा हे खंड हाताशी असणे म्हणजे काय, हे त्या काळी युक्तिवाद केलेल्यांनाच कळेल.

गेल्या शतकाच्या अखेरच्या काळात आजोबांनी विद्यापीठाला तीन गोष्टी दिल्या. पहिली, हा ग्रंथसंग्रह. दुसरी, विधी शाखेत हिंदू कायद्यात प्रथम येणाऱ्या विद्यार्थ्याला सुवर्णपदक देता यावे म्हणून एक कायम ठेव. तिसरी, वाड्याचा तळमजला, जेथे ही पुस्तके राहतील आणि कायद्याचे विद्यार्थी बसून अभ्यास करतील. अभ्यासिका सुरू झाली. तालुक्यांतून येणारी, खोलीवर चौघा-पाचांत राहणारी मुले तेथे रात्री दहापर्यंत बसत. दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तराच्या परीक्षेची तयारी तेथे केलेले काही जण आज न्यायासनावर आहेत. या अभ्यासिकेचे मोल मला ठाऊक आहे, कारण माझे अनेक विद्यार्थी तेथे घडले.

आजोबांच्या पश्चात त्यांचे पुत्र, म्हणजे या प्रकरणातील ज्येष्ठ वकील, विद्यापीठाच्या वकिलांच्या पॅनेलवर आले. वडिलांच्या देणग्यांमुळे ते आले असे म्हणणे अन्यायाचे होईल. सेवाविषयक प्रकरणांत त्यांचा हातखंडा होता. त्यांची कन्याही वकील झाली, त्यांच्याच कार्यालयात काम करू लागली, नोंदणीकृत पदवीधरांच्या मतदारसंघातून अधिसभेवर निवडून गेली आणि कालांतराने विद्यापीठाचा कारभार पाहणाऱ्या व्यवस्थापन परिषदेवर आली. अशा रीतीने एकाच घराचे विद्यापीठाशी तीन प्रकारचे नाते जुळले: देणगीदाराचे, वकिलाचे आणि कारभाऱ्याचे. प्रत्येक नाते स्वतंत्रपणे पाहिले तर स्वच्छ होते.

अडचण कशी उभी राहिली

नाशिकच्या गावठाणातील जुन्या वाड्यांना पावसाळ्यापूर्वी महापालिकेकडून धोकादायक बांधकामाच्या नोटिसा लागतात. अशीच एक नोटीस, महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ खालील, एका मे महिन्यात या वाड्याच्या दारावर लागली. मागील भिंतीला तडा गेला होता आणि वरच्या मजल्याची एक तुळई खचली होती.

दुरुस्ती कुणी करायची, या साध्या प्रश्नाने सर्व गाठी सुटू लागल्या. कुटुंबाची समजूत अशी की तळमजला आजोबांनी विद्यापीठाला दिला, तेव्हा त्याची निगा विद्यापीठाने राखावी. विद्यापीठाच्या वित्त विभागाची अडचण अशी की मिळकत पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डावर) विद्यापीठाचे नाव नाही आणि आपल्या मालकीच्या नसलेल्या इमारतीवर खर्च केल्यास लेखापरीक्षणात आक्षेप येणार. तसा आक्षेप पूर्वी एकदा, अभ्यासिकेत स्वच्छतागृह बांधले आणि वीजजोडणी बदलली तेव्हा, आलेला होता. त्याचे उत्तर कुणी दिलेच नव्हते.

दुरुस्तीच्या खर्चाचा विषय व्यवस्थापन परिषदेपुढे आला, तेव्हा कन्या त्या बैठकीत सदस्य म्हणून हजर होती. विषय पुकारताच ती उठून बाहेर गेली, आणि तशी नोंद इतिवृत्तात आहे. पुढे तिच्या बाजूने बोलणारा सर्वांत भक्कम कागद तोच ठरला. पण महिन्याभरात दुसऱ्या एका सदस्याने कुलगुरूंना पत्र लिहिले. त्यातला मुद्दा दुरुस्तीचा नव्हता. विद्यापीठाच्या विरोधात एका अध्यापकाने दाखल केलेल्या प्रकरणात विद्यापीठातर्फे सादर झालेल्या वकीलपत्राची, म्हणजे वकिलाला बाजू मांडण्याचा अधिकार देणाऱ्या कागदाची, प्रत पत्राला जोडलेली होती आणि त्या वकीलपत्रावर वडिलांच्या नावाखाली कन्येचेही नाव छापलेले होते.

जिल्हा न्यायालयांत वावरलेल्यांना यात नवल वाटणार नाही. वकीलपत्राचे नमुने कार्यालयात गठ्ठ्याने छापून ठेवलेले असतात, त्यावर कार्यालयातील सर्वांची नावे असतात आणि प्रत्यक्षात कोण उभे राहणार हे नंतर ठरते. कन्या त्या प्रकरणात एकाही तारखेला उभी राहिली नव्हती. पण बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या व्यावसायिक आचारनियमांतील आठवा नियम स्पष्ट आहे: ज्या संस्थेच्या कार्यकारी समितीवर वकील सदस्य आहे, त्या संस्थेच्या बाजूने किंवा विरुद्ध त्याने उभे राहू नये. संस्थेचा सर्वसाधारण कारभार जिच्याकडे आहे अशी कोणतीही समिती, तिचे नाव काहीही असो, त्या व्याख्येत येते. अधिसभा त्यात येत नाही असे म्हणता येईल. व्यवस्थापन परिषदेबाबत तसे म्हणण्यास मला जागा दिसली नाही. म्हणजे कन्या अधिसभेवर होती तोवर जे वकीलपत्र निर्दोष होते, ते ती परिषदेवर आली त्या दिवसापासून सदोष झाले आणि हा बदल कार्यालयात कुणाच्याही लक्षात आला नाही.

कागदांत काय सापडले

माझे पहिले काम आजोबांच्या देणग्यांचे कागद शोधण्याचे होते. नोंदणीकृत दस्त एकही निघाला नाही. आजोबांच्या अक्षरातले एक पत्र आणि विद्यापीठाचे आभाराचे उत्तर, एवढेच हाती आले. पत्रात लिहिले होते की वाड्याचा तळमजला विद्यार्थ्यांना उपयोग असेतोपर्यंत विद्यापीठास अभ्यासिकेसाठी देण्यात येत आहे.

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १२३ प्रमाणे स्थावर मिळकतीचे दान हे देणाऱ्याची सही असलेल्या, किमान दोन साक्षीदारांच्या नोंदणीकृत दस्तानेच होते. जंगम वस्तूंचे दान मात्र नुसता ताबा देऊनही पूर्ण होते. या एका कलमाने आजोबांच्या पत्राचे दोन भाग झाले. पुस्तके त्यांनी स्वतः विद्यापीठाच्या हवाली केली होती, तेव्हा ती विद्यापीठाची झाली. तळमजला विद्यापीठाचा कधी झालाच नव्हता. विद्यापीठाला मिळाली होती ती वापराची परवानगी.

विद्यापीठाच्या विधी कक्षाने येथे एक दखलपात्र मुद्दा मांडला. इझमेंट ॲक्टच्या कलम ६० प्रमाणे, परवानगीवर विसंबून परवानगीधारकाने स्वतःच्या खर्चाने कायम स्वरूपाचे बांधकाम केले असेल तर ती परवानगी परत घेता येत नाही. स्वच्छतागृह हे कायम स्वरूपाचे बांधकाम आहे, असा त्यांचा दावा होता. तो न्यायालयात टिकला असता की नाही हे मी सांगू शकत नाही. पण त्यावर दहा वर्षे दावा चालू शकला असता हे मी निश्चित सांगू शकतो आणि ज्याची भिंत पडायला आली आहे त्या वाड्याला दहा वर्षे नव्हती.

दुसरा प्रश्न वारसांचा होता. वाडा आजोबांच्या स्वकष्टार्जित उत्पन्नातून घेतलेला असल्याचे खरेदीखतावरून दिसत होते आणि त्यांचे मृत्युपत्र नव्हते. अशा वेळी हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ च्या कलम ८ प्रमाणे पत्नी, मुलगा आणि मुली सारख्याच वाटेकरी होतात. मुलींच्या सहदायकी हक्काबाबत, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीतील जन्मसिद्ध वाट्याबाबत, २००५ ची दुरुस्ती आणि सर्वोच्च न्यायालयाचा २०२० चा निकाल यांची चर्चा बैठकीत बरीच झाली, पण येथे तिची गरजच नव्हती. मुलींचा वाटा १९५६ पासूनच स्पष्ट होता. आजीही नंतर वारल्या, त्यामुळे वाडा तीन समान शाखांत गेला: ज्येष्ठ वकील, त्यांची थोरली बहीण, आणि धाकट्या दिवंगत बहिणीचा परदेशी राहणारा मुलगा.

थोरली बहीण, जिला घरात सगळे आत्या म्हणतात, त्याच वाड्याच्या वरच्या मजल्यावर राहत होती. वैधव्यानंतर ती माहेरी आली ती तेथेच राहिली. तीन दशके अभ्यासिकेची किल्ली तिच्याकडे होती. आणि आतापर्यंतच्या एकाही बैठकीला तिला कुणी बोलावले नव्हते.

समोर असलेले पर्याय

जागेबाबत चार मार्ग चर्चेत आले. सर्व वारसांनी मिळून तळमजल्याचे नोंदणीकृत दानपत्र करून आजोबांचा हेतू पूर्ण करावा, असे ज्येष्ठ वकिलांना मनापासून वाटत होते. नाममात्र शुल्कावर लिव्ह अँड लायसन्सचा नोंदणीकृत करार करावा, म्हणजे विद्यापीठाला खर्च करण्यास आधार मिळेल, हे वित्त विभागाला सोयीचे होते. तिसरा मार्ग मी सुचवला: कुटुंबाने महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली न्यास नोंदवावा आणि तळमजला न्यासाकडे द्यावा. अभ्यासिकेला त्यात स्थैर्य होते, पण कलम ३६ मुळे पुढे ती जागा विकायला किंवा तीन वर्षांहून अधिक काळ भाड्याने द्यायला धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागली असती आणि वाड्याचा पुनर्विकास अवघड झाला असता. चौथा मार्ग म्हणजे विद्यापीठाने पुस्तके उचलावीत आणि जागा वारसांना मोकळी करावी.

पहिल्या तीन मार्गांत एक गृहीत सामाईक होते. आत्या सही देईल, हे सर्वांनी धरूनच चालले होते.

चुकीचे पाऊल

पहिला मार्ग निवडायचे ठरले आणि ज्येष्ठ वकिलांच्या सांगण्यावरून मी आत्याच्या हक्कसोडपत्राचा मसुदा तयार केला. तिला एकदाही न भेटता तयार केला. इतकी वर्षे विद्यार्थ्यांना हक्कसोडपत्र शिकवताना मी सांगत आलो की सोडणाऱ्याला काय सोडतो आहे हे आधी कळले पाहिजे, आणि प्रत्यक्ष वेळ आली तेव्हा मसुदा तिच्या भाचीच्या, म्हणजे ज्येष्ठ वकिलांच्या कन्येच्या, हाती वर पाठवून दिला.

दोन दिवसांनी मसुदा परत आला. सही नव्हती. निरोप होता की सरांनी स्वतः यावे. मी गेलो. आत्यांनी चहा दिला, मसुदा समोर ठेवला आणि म्हणाल्या, "सर, सही कुठं करायची त्यावर खूण केलीत तुम्ही. मी राहायचं कुठं, ते यात कुठंच नाही."

मी उत्तर देऊ शकलो नाही. दानपत्र झाले असते तर विद्यापीठाने तळमजल्याची दुरुस्ती केली असती आणि वरचा मजला, ज्याची तुळई खचली होती, तसाच राहिला असता. धोकादायक इमारतीचा तळमजला एका मालकाकडे आणि वरचा दुसऱ्याकडे गेल्यावर पुनर्विकासाला एकमत होणे जवळजवळ अशक्य. आम्ही आजोबांचा शब्द पाळण्याच्या घाईत त्यांच्या मुलीच्या डोक्यावरचे छप्पर विचारातच घेतले नव्हते.

त्याच भेटीत आत्यांनी एक वही दाखवली. जाड पुठ्ठ्याची, शाळेत हजेरीला वापरतात तशी. २०१६ च्या ऑगस्टमध्ये गोदावरीला पूर आला आणि पाणी सराफ बाजारात शिरले, तेव्हा अभ्यासिकेतील खालच्या दोन फळ्या भिजल्या होत्या. आत्या आणि त्या रात्री तेथे अडकलेले तीन विद्यार्थी खंड डोक्यावर घेऊन वर आले. पुढचे पंधरा दिवस त्यांनी ते पानापानांत टीपकागद घालून, पंख्याखाली उभे करून वाळवले. कोणता खंड भिजला, कोणता वाचला, कोणाची बांधणी सुटली, हे सर्व वहीत होते. पण वही त्याहून जुनी होती. अभ्यासिका सुरू झाल्यापासून कोणते पुस्तक कोणत्या फळीवर, कोण घेऊन गेले, कधी परत आणले, याची नोंद आत्यांनी ठेवली होती. विद्यापीठाच्या ग्रंथालयात या संग्रहाची दाखलनोंद झालीच नव्हती, हे मला तोवर कळलेले होते. म्हणजे विद्यापीठाच्या मालकीच्या शेकडो खंडांची जगातली एकमेव यादी अशा बाईच्या अक्षरात होती, जिचा त्या वाड्यात हिस्सा आहे हेही कुणी मोजले नव्हते.

निर्णय आणि कृती

त्यानंतर बैठकांचा क्रम बदलला. आत्या प्रत्येक बैठकीला आल्या. परदेशातील भाच्याने कुलमुखत्यारपत्र पाठवले. ते तेथील वकिलातीत साक्षांकित करून येथे आल्यावर मुदतीत मुद्रांकित करण्यात काही आठवडे गेले आणि तेवढा वेळ थांबण्याचा निर्णय सर्वांनी जाणीवपूर्वक घेतला. मागील भिंतीला तात्पुरते टेकू देण्याचा खर्च तिन्ही शाखांनी वाटून घेतला.

जागेबाबत चौथा मार्ग, पण सुधारून, स्वीकारला गेला. विद्यापीठाने कलम ६० चा दावा लेखी सोडला. वारसांनी स्वच्छतागृह आणि वीजजोडणीचा मूळ खर्च विद्यापीठाला परत केला, त्यामुळे जुना लेखापरीक्षण आक्षेपही मिटला. पुस्तके विद्यापीठाची आहेत हे वारसांनी लेखी मान्य केले. वाड्याचा पुनर्विकास होईल तेव्हा नव्या इमारतीत तळाला एक खोली अभ्यासिकेसाठी राखायची आणि तिचा लिव्ह अँड लायसन्स करार विद्यापीठाशी नोंदवायचा, असा समझोता झाला. ती खोली पूर्वीच्या तळमजल्याच्या एक तृतीयांश असेल. आत्यांची सदनिका पहिल्या मजल्यावर, हे करारात पहिल्या कलमात आले. तसा आग्रह मी धरला.

वकीलपत्राचा प्रश्न अधिक नाजूक होता आणि सर्वांत जास्त वेळ त्यानेच घेतला. तीन पर्याय होते: नमुन्यावरून कन्येचे नाव काढावे, तिने परिषदेचा राजीनामा द्यावा, किंवा कार्यालयाने विद्यापीठाचे काम सोडावे. पहिला पर्याय विद्यापीठातल्या काहींना पुरेसा वाटला. नियमाच्या अक्षरापुरता तो कदाचित पुरला असता. पण बाप-लेकीचे कार्यालय एक, उत्पन्न एक, आणि वकिलांचे शुल्क मंजूर करणाऱ्या परिषदेत लेक बसते. ज्या प्रकरणात स्वतःचा आर्थिक हितसंबंध आहे ते वकिलाने चालवू नये, असे नववा नियम सांगतो, आणि त्याचा रोख येथे चुकवता येत नव्हता.

दुसरा पर्याय ज्येष्ठ वकिलांना हवा होता. त्यांचे म्हणणे मला समजत होते. विद्यापीठाची सतरा प्रकरणे त्यांच्याकडे होती, त्यांतील काही त्यांनी पहिल्या तारखेपासून सांभाळली होती आणि मधेच वकील बदलल्याने अशिलाचे नुकसान होते हे खरे आहे. शिवाय कन्या तरुण आहे, परिषद तिला पुन्हा मिळेल, असेही ते म्हणाले. कन्येने वडिलांना सर्वांसमोर विरोध केला नाही. तिने एवढेच विचारले, "बाबा, मी निवडून आले ते तुमच्या पॅनेलच्या सोयीनं उठायला का?" वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला फोन करून सांगितले की काम आम्ही सोडतो.

माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत कठीण आणि सर्वांत योग्य निर्णय तो होता. पदवीधरांनी दिलेले मत हा तिच्यावरचा विश्वास होता. पॅनेलवरची नेमणूक ही एक सेवा होती, जी दुसराही देऊ शकत होता. सतराही प्रकरणांत कार्यालयाने नव्या वकिलांना ना हरकत दिली, प्रत्येक फाइलचा सारांश लिहून दिला आणि त्यासाठी शुल्क घेतले नाही. ज्या प्रकरणातील वकीलपत्रावर आक्षेप होता, तेथे घडलेली चूक अर्ज देऊन न्यायालयाच्या निदर्शनास आणली. कुणीतरी तक्रार करील याची वाट न पाहता स्वतःहून सांगावे, हा सल्ला माझा होता. अर्ज मात्र ज्येष्ठ वकिलांनी स्वतःच्या हाताने लिहिला.

पदकाचा विषय तुलनेने लवकर सुटला. ठेव ठेवली त्या दशकात दहा ग्रॅम सोने साधारण ३,००० ते ५,००० रुपयांत मिळे आणि मुदत ठेवीवर दहा-बारा टक्के व्याज असे. २०२४ मध्ये दहा ग्रॅम सोने ७०,००० रुपयांच्या पुढे गेले होते आणि व्याजदर सात टक्क्यांच्या आसपास होता. व्याजातून सोने घेणे कितीतरी आधीच अशक्य झाले होते आणि काही वर्षे पदक कागदावरच दिले जात होते. चांदीचे, सोन्याचा मुलामा दिलेले पदक आणि उरलेल्या रकमेची कायद्याची पुस्तके, असा बदल वारसांच्या संमतीने ठरला. नाव आजोबांचेच राहिले.

निष्पत्ती

वाडा उतरवला गेला. नवी इमारत उभी राहीपर्यंत पुस्तके विद्यापीठाच्या एका इमारतीत ठेवली गेली, आणि या काळात अभ्यासिका बंद राहिली. परीक्षांचे दोन हंगाम तसेच गेले. त्या काळात तेथे बसणारी मुले कुठे बसली याची चौकशी मी केली, तेव्हा काही सार्वजनिक वाचनालयात जात होती, काही बसस्थानकाजवळच्या खासगी अभ्यासिकांत पैसे भरून बसत होती, आणि दोघे गावी परत गेले होते. सर्व कागद नीट झाले, पण त्याची किंमत या मुलांनी मोजली, आणि ही बाब मला आजही सलते.

अध्यापकाच्या प्रकरणात नवे वकील उभे राहिले आणि पुढे ते तडजोडीने मिटले. कन्येने परिषदेची मुदत पूर्ण केली. वकिलांच्या शुल्काच्या विषयावर ती त्या संपूर्ण काळात एकदाही मतदानात सहभागी झाली नाही. ज्येष्ठ वकिलांचे काही काळ विद्यापीठात जाणे बंद झाले होते. मुलामा दिलेले पदक पहिल्यांदा देण्यात आले, त्या समारंभाला मात्र ते आत्यांसह हजर होते.

काय वेगळे करता आले असते

आजोबांना दोष द्यावा असे मला वाटत नाही, पण त्यांना एक गोष्ट सहज करता आली असती. पुस्तके आणि जागा यांसाठी दोन वेगळे कागद. जागेसाठी ठरावीक मुदतीचा, नूतनीकरणाच्या अटीचा आणि दुरुस्ती कुणी करायची हे सांगणारा नोंदणीकृत करार. त्यांनी दिले ते पत्र मनापासूनचे होते; मात्र त्यातील "उपयोग असेतोपर्यंत" हे शब्द पुढच्या पिढीतील प्रत्येकाने आपल्या सोयीने वाचले.

विद्यापीठाने देणगी स्वीकारताना आभाराचे पत्र पाठवले आणि तेथेच थांबले. संग्रह आला त्या महिन्यात दाखलनोंद झाली असती आणि मिळकत पत्रिका मागवली गेली असती, तर जागेची कायदेशीर स्थिती तेव्हाच उघड झाली असती. लेखापरीक्षणाच्या पहिल्या आक्षेपाला उत्तर दिले असते, तरी प्रश्न नोटिशीपर्यंत थांबला नसता.

कन्या परिषदेवर आली त्या आठवड्यात कार्यालयाने छापील वकीलपत्रांचा गठ्ठा बाजूला ठेवायला हवा होता आणि विद्यापीठाला लेखी कळवायला हवे होते. विद्यापीठानेही नव्या सदस्यांकडून हितसंबंधांचे निवेदन घेतले नाही. घेतले असते तर ते पत्र लिहिण्याची वेळ दुसऱ्या सदस्यावर आली नसती. त्या सदस्याविषयी कुटुंबात बराच काळ कटुता होती. माझ्या दृष्टीने त्याने कर्तव्य केले.

माझ्यापुरते सांगायचे तर मी कागदांपासून सुरुवात केली, आणि राहणाऱ्या माणसांपर्यंत उशिरा पोहोचलो. पहिल्याच दिवशी जिना चढून वर गेलो असतो, तर दानपत्राच्या मसुद्यात गेलेले दोन महिने वाचले असते आणि ते दोन महिने पावसाळ्यापूर्वीचे होते. अभ्यासिका बंद राहण्याचा काळही कदाचित कमी झाला असता, कारण पर्यायी जागा शोधण्याचा विषय आम्ही वाडा रिकामा करण्याच्या वेळीच काढला.

विद्यापीठाच्या ग्रंथपालांनी पुढे संग्रहाची दाखलनोंद केली, तेव्हा आत्यांची वही समोर ठेवून प्रत्येक खंड पडताळला. वहीतील नोंद आणि प्रत्यक्ष खंड यांत अकरा ठिकाणी तफावत निघाली. त्यांपैकी नऊ खंड कुणाकडे गेले होते हे वहीतच लिहिलेले होते आणि सहा परत मिळाले. वहीची छायाप्रत आता दाखलनोंद वहीला जोडलेली आहे. मूळ वही आत्यांकडे आहे, आणि नव्या खोलीची किल्लीही.